सुपरचार्जर आणि कुंकवाच्या अक्षता

साडूभाऊ,

तुमच्या तेराव्याला मी तुमच्याविषयी एक खरी गोष्ट सांगितली आणि मंडपात हशा पिकला. बुंदी वाढणारा माणूस पंगतीत उभा राहून हसला. तुमच्या टूलरूमच्या एका माणसाला तर ठसका लागला, त्याच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "पाव्हणं, खरं बोलायचा नाद सोडा. तुम्हाला जमत नाय ते."

म्हणून आज लिहायला बसलोय. लिहिताना हातवारे करता येत नाहीत, आवाज काढता येत नाहीत. तुम्हाला क्रमानं सांगितलेलं लागतं, तेव्हा क्रमानं सांगतो.

आपल्या सासऱ्यांनी दोन जावई निवडताना काय विचार केला होता, देव जाणे. थोरल्या सुमनताईंना तुम्ही, धाकट्या मंदाला मी. मी गुलमंडीवर साड्या विकणारा. गिऱ्हाइकानं फिक्या रंगाकडं बघून नाक मुरडलं की त्याच रंगात मी त्याला पहाटेचा देवगिरी दाखवतो, धुक्यासकट. तुम्ही वाळूजला कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे घडवणारे. मिलिमीटरचे शंभर तुकडे करून त्यातला एक इकडचा तिकडं झाला तर रात्रभर तळमळणारे. एकदा तुमचं काम बघून मी कौतुकानं म्हणालो, "वा! जवळजवळ बसलं की!" तुम्ही हातातलं काम खाली ठेवलंत. "जवळजवळ बसलेल्या साच्यानं लोकांची बोटं गेलीत, पाव्हणं." त्यानंतर तुमच्यासमोर तो शब्द मी वापरला नाही. दुकानात मात्र दिवसातून दहादा वापरतो.

ती जपानी गाडी तुमच्या चुलतभावानं कुवेतहून परत येताना आणलेली. दोनच माणसं बसतील अशी, बुटकी, लांब नाकाची. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हते. वर-खाली काही नाहीच, नुसतं गोल गोल. पोटात एक फुगीर तिकोन फिरतो, समोशासारखा, आणि त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या असतात. त्या पट्ट्या भिंतीला चाटून फिरतात आणि सगळा दाब त्यांच्या जिवावर धरलेला असतो. शहरातल्या एकाही मेकॅनिकनं तिला हात लावला नाही. वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. शेवटी भाऊ वैतागून म्हणाला, "जगन्नाथ, घेऊन जा बाबा, जागा अडवती." तुम्ही निवृत्त होऊन आठवडा झाला होता. ती पडेगावला तुमच्या शेडमध्ये आली आणि ताईंना सवत मिळाली. हे वाक्य माझं नाही, ताईंचं आहे.

गाडी तुम्ही चालू केलीत, पण तिला चढ सोसेना. सपाटीला वारा, घाटात म्हातारी. या जातीच्या इंजिनाला गरगर फिरायला आवडतं, सावकाश ओढायला आवडत नाही, असं तुम्ही मला समजावलंत. मी विचारलं, "मग उपाय?" तेव्हा पहिल्यांदा तुमच्या तोंडून मी सुपरचार्जर हा शब्द ऐकला. इंजिनाच्याच बेल्टवर फिरणारा पंप, जास्तीची हवा आत ढकलणारा. "आपण पंगतीत आग्रह करून वाढतो ना, तसं," तुम्ही म्हणालात. "पण हिला करायचा नाय. टोकाच्या पट्ट्या नाजूक. आग्रहानं पोट फुटंल."

विषय तिथं संपायला हवा होता. त्याच आठवड्यात दौलताबादच्या घाटात उसानं भरलेल्या ट्रॅक्टरनं तुम्हाला मागं टाकलं, आणि ते नेमकं आमच्या शेजारच्या हमीदभाईंच्या पाहुण्यानं बघितलं. हमीदभाई बांगडीवाले, दुकान माझ्या पायरीला पायरी लागून. सकाळी भर गिऱ्हाइकात त्यांनी हाळी दिली, "क्या मियां, तुमारे साडू की इस्पोर्ट गाडी कू गन्ने का टॅक्टर पीछे डाल दिया बोलते!"

पायऱ्यांवरची सगळी माणसं हसली. तुमच्यावर हसली. मला ते सहन झालं नाही, साडूभाऊ. मी हातातला पदर हवेत तसाच धरून म्हणालो, "वो पुरानी बात है हमीदभाई. अब सुपरचार्जर बिठाए हैं उन्होंने." आणि मग मी थांबलो का? मी त्यांना त्याची शिट्टी काढून दाखवली.

चार दिवसांनी तुम्ही दुकानात आलात. चपला काढून गादीवर बसलात, पाणी प्यालात. समोर दोन गिऱ्हाइकं होती, दारात हमीदभाई.

"सुपरचार्जर बसवला म्हणं मी."

"व्हय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तुम्ही हमीदभाईंकडं वळलात. एका शब्दात मला उघडा पाडता आलं असतं. तुम्ही म्हणालात, "थोडं काम बाकी आहे." आणि चपला घालून निघून गेलात. मी मागं धावलो तर रस्त्यात गंभीरपणे सांगितलंत, "थोडं म्हणजे सगळंच. पण मी खोटं बोललो नाय."

माझी थाप खरी करायला तुम्हाला तीन वर्षं लागली. भंगारातल्या कुठल्या परदेशी गाडीचा तो पंप तुम्ही पुण्याहून मांडीवर ठेवून आणलात, एसटीत. त्याच्या पोटात दोन पिळदार दांडे, रसवंतीच्या चरकासारखे एकमेकांत फिरणारे, पण एकमेकांना न शिवणारे. मधल्या फटीतून एक केस जाईल, दोन जाणार नाहीत, असं तुम्ही कौतुकानं दाखवायचात. तो इंजिनावर बसवायला जो सांगाडा लागणार होता, त्याचा नमुना तुम्ही आधी लाकडात केलात. लाकूड कुठलं? ताईंच्या माहेरच्या पाटाचं. ताईंनी तीन दिवस तुम्हाला उभ्यानं जेवायला लावलं. "बसायला पाट कुठंय?" म्हणायच्या. बेल्टच्या पुल्या एका रेषेत आहेत का हे बघायला तुम्ही त्यांचाच शिवणाचा दोरा ताणून धरायचात, आणि दुसरं टोक धरायला मी. श्वास रोखून. माझ्या आयुष्यातले सगळ्यात जास्त गप्प बसलेले तास त्या दोऱ्याच्या टोकाशी गेले.

किती दाब द्यायचा यावरून आपण भांडलो. मी म्हणायचो, घाटात गाडी उडाली पाहिजे. तुम्ही पानंच्या पानं आकडेमोड करायचात आणि म्हणायचात, "पाहुण्यानं ताटावर आडवा हात धरायच्या आधी थांबायचं. तेवढाच आग्रह." दर रविवारी तुमच्या टूलरूमची माणसं ड्रॉइंगच्या गुंडाळ्या घेऊन अडलेली कामं विचारायला यायची, ती जाताना गाडीभोवती उभी राहायची. त्यात बनसोडे पहिला. तुमच्या हाताखाली शिकून आता टूलरूमचा प्रमुख झालेला, तरी तुमच्यासमोर स्टुलावर बसत नसे. त्यानं तुमचं गणित दोनदा तपासलं आणि म्हणाला, "सर, यात बोट ठेवायला जागा नाय."

आता दसरा. इथून पुढं माझा हात जड होतोय.

चाचणी दसऱ्याला ठरली. दहा वाजता बनसोडे आणि मंडळी घाटावरच्या जुन्या दगडी दरवाजाशी थांबणार, आपण खालून चढून जाणार. सकाळी यंत्राची पूजा. ताईंनी ताट तयार केलं, तुम्ही नवा शर्ट घालायला घरात गेलात आणि मला म्हणालात, "पाव्हणं, तेवढी पूजा मांडा." पंपाच्या हवेचं तोंड आकाशाकडं उघडं होतं, वरचा फिल्टर बसवायचा बाकी होता, म्हणून तुम्ही त्याला एक फडकं बांधून ठेवलं होतं. काळं, तेलकट फडकं. झेंडूच्या माळेशेजारी ते मला बरं दिसेना. मी सोडलं. हळदकुंकू लावलं, नारळ ठेवला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? मूठभर अक्षता घेतल्या आणि लग्नातल्या भटजीच्या सुरात "शुभमंगल सावधान" म्हणत गाडीवर उधळल्या.

पाच-सहा दाणे त्या काळ्या तोंडात गेले. मी बघितले. कुंकवानं लाल झालेले, टपोरे. बोटं घालून दोन काढले, बाकीचे दिसेनात. तांदूळच तो, लोखंडापुढं काय टिकणार, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला माहीत होतं की तुम्हाला सांगितलं तर तुम्ही सगळं उतरवून ठेवाल, आणि घाटावर माणसं ताटकळत होती, आणि मला त्यांच्यापुढून शिट्टी वाजवत जायचं होतं. आतून तुमचा आवाज आला, "झालं का पाव्हणं?" मी फडकं बांधता बांधता म्हणालो, "झालं!"

एक शब्द, साडूभाऊ. आयुष्यभर मी शब्दांची उधळपट्टी केली आणि नेमका जिथं आणखी चार लागत होते तिथं एकावर भागवलं.

तुम्ही फिल्टर बसवलात. आपण निघालो. दौलताबाद ओलांडून घाट लागला आणि त्या पंपाचा आवाज सुरू झाला. मी हमीदभाईंना काढून दाखवलेल्या शिट्टीपेक्षा खूप बारीक, खूप गोड. पहिलं वळण गाडीनं जिना चढणाऱ्या तरुण पोरीसारखं घेतलं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही रस्त्यावरून नजर न काढता एकच शब्द म्हणालात, "ओढतीय." तुमचा तसा चेहरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता, तुमच्या लेकीच्या लग्नातही नाही. दुसऱ्या वळणावर तुम्ही पाय दाबलात. टक् असा आवाज झाला, अगदी छोटा. आणि मग इंजिन फाटक्या ढोलासारखं वाजायला लागलं.

दरवाजा वर दिसत होता. माणसं खाली चालत आली.

इंजिन तुम्ही महिनाभरानं उघडलंत. मी शेडमध्ये आलो तेव्हा तुम्ही पंपाच्या आतली पूड ट्रेमध्ये झाडत होतात. पांढरी, मधूनच गुलाबी. दांड्याच्या कडेचा अॅल्युमिनियमचा कपचा उडाला होता, तो पुढं इंजिनात जाऊन टोकाची पट्टी तोडून गेला होता. मला बघून तुम्ही ट्रे कोपऱ्यातल्या डब्यात उलटा केलात, अगदी शांतपणे. तेवढ्यात बनसोडे आणि दोघं आत आले. त्यांनी तुटलेली पट्टी हातात घेतली आणि तुमच्याकडं बघत राहिले.

"माझं गणित चुकलं," तुम्ही म्हणालात. "दाब जास्त धरला मी. पट्टीला सोसला नाय."

बनसोडेचं तोंड उतरलं. त्यानं पट्टी जपून टेबलावर ठेवली. मी काही म्हणालो नाही.

त्यानंतर रविवारची माणसं कमी होत गेली. कुणी वाईट बोललं नाही. "सरांचं वय झालं आता," एवढंच. दोघांचा एक झाला, मग तोही येईना. तुम्ही मात्र दर रविवारी पेन्सिलींना टोकं करून टेबलावर ओळीनं लावून बसायचात. मी यायचो, किस्से सांगायचो, तुम्ही हसायचात. एकदा संक्रांतीच्या आसपास, चहा पिता पिता, तुम्ही कपाकडं बघत म्हणालात, "पुढल्या दसऱ्याला पूजा आधी करू, पाव्हणं. तोंड मग उघडू."

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही दार उघडून दिलं होतं, मी फक्त आत यायचं होतं. मी काय केलं? पैठणी परत करायला आलेल्या एका बाईचा किस्सा सांगितला. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलात आणि जिथं हसायचं तिथं हसलात.

तुम्ही गेलात त्या दिवसाचं मी लिहीत नाही. ताईंचा फोन आला आणि उलगडलेली साडी गिऱ्हाइकाच्या मांडीवर तशीच टाकून मी आलो, एवढंच.

तेराव्याला टूलरूमची सगळी माणसं आली होती. पंगतीत कुणीतरी हळहळून म्हणालं, "एवढा मोठा कारागीर, पण शेवटचं काम फसलं." मी ताटावरून उठलो. सगळं सांगायचं ठरवून उठलो होतो, देवाशपथ. सुरुवात बरी झाली. पण फडक्यापाशी आलो आणि माझे हात आपोआप वर गेले. मी फडकं सोडलं, नारळ ठेवला, भटजीचा सूर लावला. समोर शंभर माणसं बघितली की माझ्या अंगात काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. अक्षता उधळल्या आणि मंडप कोसळला. हमीदभाई तर डोळे पुसत म्हणाले, "मर गए साडू, फिर भी इज्जत बचा रहा मियां उनकी!"

ते वाक्य माझ्या छातीत बसलं. आधी एकदा मी तुमच्या अब्रूसाठी खोटं बोललो होतो, ते सगळ्यांनी खरं मानलं. आता खरं बोललो तर लोकांना वाटलं, पुन्हा तेच करतोय.

मी आत जाऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलो. ताई भांडी मोजून घेत होत्या.

"हसले व्हय?" त्यांनी विचारलं.

"हसले."

"अक्षतांना कुंकू मीच लावलं होतं," त्या म्हणाल्या. "त्या डब्यातली पूड मी बघितली. ह्यांना इचारलं तर म्हणले, बोलू नको, पाव्हणा आयुष्यभर तेच घेऊन बसंल. म्हणून मी बी गप्प. रविवारी माणसं येईनाशी झाली तवा लई वाटलं, बोलावं. नाय बोलले." मग एक पातेलं माझ्यासमोर आदळून म्हणाल्या, "आता हसवू नका कुणाला. नुसतं सांगा."

साडूभाऊ, पन्नाशी उलटल्यावर मला नुसतं सांगायला शिकावं लागलं. परवा दुपारी मी वाळूजला गेलो. जेवणाच्या सुट्टीत बनसोडेला कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. बाकड्यावर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

हात बांधल्यावर मला बोलताच येईना. आधी घाटाचं सांगितलं, मग फडक्याचं, मग पुन्हा घाटावर गेलो. टक् आवाजाचं सांगताना तोंडातून आवाज निघाला नाही. मध्येच मी तुमच्या पेन्सिलींविषयी बोलायला लागलो, ते कशाला तेही मला समजेना. बनसोडे हसला नाही. चहा गार झाला तरी त्यानं कप उचलला नाही.

"दाणे किती?"

"पाच-सहा. दोन काढले."

"तोंड वर होतं?"

"वर."

त्यानं खिशातली पेन्सिल काढली आणि पुड्याच्या कागदावर पाईपचं वळण काढलं. हुबेहूब तुमच्यासारखी रेघ. "मग ह्या वळणात अडकले असणार. सावकाश चालताना निघाले नसतील. दुसऱ्या वळणावर सरांनी पाय दाबला तवा ओढले गेले." तो त्या रेघेकडं बघत राहिला. "म्हंजे दाब बरोबर होता."

"बरोबर होता."

"मग सर तसं का बोलले?"

"मी तिथं उभा होतो म्हणून."

त्यानं कागदाची घडी घातली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "आम्ही त्यांना इचारायचं सोडलं होतं, काका. दोन साचे अडले होते माझ्याकडं. सर पडेगावला बसून होते आणि मी बाहेरच्या माणसाला इचारत फिरलो." त्याला माझा राग आला होता आणि तो त्यानं लपवला नाही. मला त्याचं बरं वाटलं. त्या रागात तुमची किंमत होती.

फाटकाचा भोंगा झाला. तो उठला, पण आत गेला नाही. त्यानं फोन काढला आणि रविवारी येणाऱ्यांपैकी एकाला लावला.

"जाधव, ऐका. सरांचं गणित बरोबर होतं. दाबात चूक नव्हती. पंपात बाहेरनं काहीतरी गेलं होतं."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"त्यांचे साडू म्हणतायत. हितं बसलेत समोर."

पलीकडचं हसू मला बाकड्यावर ऐकू आलं.

"हसू नका, जाधव," बनसोडे म्हणाला. "तसं नाय सांगितलं त्यांनी. धड बोलताच येईना त्यांना."

पलीकडचं हसू थांबलं. मग बनसोडेनं फोन ठेवला आणि दुसरा नंबर लावला. मी मांड्यांखालचे हात तसेच ठेवून बसून राहिलो, साडूभाऊ, आणि तो एकेकाला सांगत गेला.